उभ्या उभ्या

तो बसतच नव्हता.

मिरजेच्या त्या दवाखान्यात तिसऱ्या मजल्यावर एका बाजूला त्वचेच्या डॉक्टर, दुसऱ्या बाजूला सर्जन, आणि मध्ये दोघांच्या पेशंटांना मिळून एकच हॉल. श्रावणातला शनिवार होता. बाहेर ऊन-पावसाचा खेळ चाललेला. बाकड्यावर माझ्या शेजारची जागा चांगला अर्धा तास रिकामी होती, तरी निळ्या चौकड्यांच्या शर्टातला तो उंच माणूस भिंतीला खांदा टेकून उभा. मधूनच या पायावरचा भार त्या पायावर घ्यायचा, एवढंच.

माझ्या पलीकडं धोंडुबाई नावाच्या एक आजी बसल्या होत्या. त्यांना ते बघवेना.

"आरं बस की लेकरा. पाय मोडत्याल."

"न्हाई आजी, उभाच बरा."

"जागा हाय की. ही पोरगी काय चावतीय का तुला?"

त्यानं माझ्याकडं बघितलं. मी उगीच ओढणी सावरली.

"चावायच्या दिसत न्हाईत... पर उभाच बरा."

"मग नवस-बिवस हाय का काय, उभं ऱ्हायाचा?"

"व्हय. डॉक्टरनं बोललाय माझ्या वतीनं."

मला हसू फुटलं. किती दिवसांनी! पण हसताना दंड अंगाला घासला आणि उजव्या काखेतून अशी कळ गेली, की हसू तोंडातच राहिलं.

तेवढ्यात सर आली. खिडकी माझ्या डोक्यावरच होती, पाणी थेट फाइलीवर. मी उठले, हात खांद्यापर्यंत नेला... आणि थांबले. त्याच्या वर तो जातच नव्हता.

"सरका," तो म्हणाला. एका हातानं त्यानं झडप ओढून घेतली, कडी लावली. "खांदा का?"

उत्तर आयतंच मिळालं. "हो. आखडलाय."

"म्हंजे तुमचा हात वर जाईना, आन् मला खाली बसता येईना. दोघांचं मिळून एक धड माणूस व्हईल बघा."

"तुम्हाला काय झालंय?"

त्यानं इकडं-तिकडं बघितलं, आवाज खाली आणला. "जागा सांगण्यासारखी न्हाई, मॅडम. माकडहाड म्हाईत हाय? त्याच्या जरा वर एक भोक पडलंय. आत केस जाऊन बसल्यात, पू हुतोय. आमचं गलाईचं दुकान हाय, तिकडं केरळात, त्रिशूरला. दिवसभर भट्टीम्होरं मांडी घालून जुनं सोनं वितळवायचं. बारा वर्षं नुसता बसलोय. तिकडं एकदा ऑपरेशन झालं, पर परत आलंय. म्हणून म्हटलं, आता गावाकडंच करू. विटा आमचं."

किती सहज सांगितलं त्यानं! जणू पायात काटा गेलाय. मला त्याचा हेवाच वाटला.

"आणि नाव?"

"वीरधवल."

मी ओठ दाबले.

"हसा की मोकळ्या मनानं! घोड्यावर बसायचं नाव हाय, आन् साधं बाकड्यावर बसवंना."

आत माझ्या नावाचा पुकारा झाला – शिवांजली. तो मागून हळूच म्हणाला, "ह्ये नाव बरं हाय. ह्याला कुठंबी बसता येतंय."

*

माझा खांदा आखडलेला नव्हता.

अठराव्या वर्षी काखेत पहिलं गळू आलं. आई म्हणाली, काखमांजरी आहे, फुटली की जाईल. तिनं कांद्याचं पोटीस बांधलं. ती फुटली, पण गेली नाही. तिच्या शेजारी दुसरी आली. मग जांघेत. नऊ वर्षांत चार डॉक्टरांनी सहा वेळा कापलं, कुणी म्हणालं उष्णता आहे, कुणी म्हणालं साबण बदला. मी कोरेगावला हायस्कूलमध्ये विज्ञान शिकवते. त्वचेची आकृती काढून केसाचं मूळ, तैलग्रंथी सगळं मुलांना समजावते, आणि फळ्याच्या वरच्या अर्ध्या भागाला हात लावत नाही. मुलांना वाटतं, मॅडमची तशी पद्धत आहे.

दोन वर्षांपूर्वी माझं लग्न ठरलं होतं. साखरपुड्यादिवशी ओटी भरताना ब्लाउजला ओल आली. डाग, आणि वास. मुलाची आत्या सगळ्यांच्या देखत म्हणाली, "पोरगी अंगोळ करती का न्हाई?"

मी दिवसातून दोनदा करत होते.

आठवड्याच्या आत निरोप आला. त्या दिवसापासून मी ठरवलं, की हे कुणाला कळू द्यायचं नाही. आमचे आण्णा सैन्यातले निवृत्त हवालदार, तेही म्हणाले, "घरातली गोष्ट घरात."

डॉक्टर मगदूम मॅडमनी मात्र पहिल्याच भेटीत त्याला नाव दिलं. हायड्राडेनायटिस सप्युरेटिव्हा. मी दोनदा विचारून लिहून घेतलं.

"केस जिथून बाहेर येतो ती वाट आतून बुजते," त्या म्हणाल्या. "मग कातडीखाली सूज, गळू, आणि पुन्हापुन्हा झालं की आतल्या आत बोगदे तयार होतात. हे घाणीमुळं होत नाही. संसर्गाचं नाही. तुमचं काही चुकलेलं नाही."

शेवटचं वाक्य मला पुन्हा ऐकायचं होतं. पण सांगायचं कसं?

"पूर्ण बरं होईल?"

"मुळापासून जाईल असं मी कुणालाच सांगत नाही. आटोक्यात मात्र नक्की येतं. दोन अँटिबायोटिक तीन महिने. काखेत वस्तरा बंद, कपडे सैल, सुती. रक्तातली साखर बघू. बोगदे झालेत तिथं छोटं ऑपरेशन लागेल, आणि गरज पडली तर इंजेक्शन." मग गोळ्या लिहिता लिहिता म्हणाल्या, "यातल्या एका गोळीनं लघवी नारिंगी होईल, डोळ्यांतलं पाणीसुद्धा. घाबरू नका. आणि समोरच्या सर्जनकडं माकडहाडाजवळच्या बेंडाचे पेशंट येतात ना, तो आजार म्हणजे तुमच्या आजाराचा चुलतभाऊ. दोन्हींचं मूळ केसातच."

"चुलतभाऊ?"

"हो. का?"

"काही नाही," मी म्हटलं. माझे कान उगीच गरम झाले होते.

*

शनिवारी शाळा सकाळची. अकराला सुटले, की गाडीनं मिरज. दर पंधरा दिवसांनी. त्याचं ऑपरेशन झालं, आणि त्याच्याही तपासणीचा वार शनिवारच निघाला. निघाला की त्यानं काढला, ते मी विचारलं नाही.

जखम भरेपर्यंत बसायचं नाही, अशी त्याला सक्त ताकीद. त्यामुळं आमचं सगळं उभ्या उभ्या झालं. गाड्यावर भडंग खाल्लं ते उभ्यानं, चहा उभ्यानं, स्टेशनवर गाडीची वाट बघितली ती उभ्यानं. मी बसले तर तो वरून बोलायचा आणि माझी मान अवघडायची, म्हणून मीही उभी.

"पोरगी बघायला म्हणून आमच्यात माणसं बसूनच पोहे खात्यात," तो एकदा म्हणाला. "मला कुणी बघायला न्हेलं तर काय सांगू?"

"सांगा, नवस आहे."

"आन् पोरीनंच इचारलं तर?"

"तिला खरं सांगा."

"तुमाला सांगितलं की."

मी भडंगातले शेंगदाणे वेचत राहिले...

तिसऱ्या खेपेला त्यानं पिशवीतून एक बाटली काढली. त्रिशूरहून भावाकरवी मागवलेलं तेल. "आखडलेल्या खांद्याला लय भारी. दोन येळा चोळायचं. म्हातारी माणसंबी नारळ फोडायला लागत्यात."

बाटलीवर त्यानं स्वतः चिठ्ठी चिकटवली होती: सकाळ, संध्याकाळ. मोठ्या, शाळकरी अक्षरात.

मी ती बाटली घरी कपाटात ठेवली. रोज कपडे काढताना दिसायची. रोज वाटायचं, पुढच्या शनिवारी सांगायचं.

*

गणपती झाले, कृष्णेचं पाणी उतरलं. त्या शनिवारी सर्जननं त्याला बसायची परवानगी दिली, आणि त्याला म्हणे पहिलं बसणं दवाखान्यात वाया घालवायचं नव्हतं. आम्ही सिटी बसनं सांगलीला आलो. बसमध्ये जागा असून तो उभाच होता.

घाटाच्या पायरीवर त्यानं रुमाल अंथरला आणि डोळे मिटून, दात आवळून, हळूहळू, जसं गरम पाण्यात उतरावं तसा... बसला.

"कसं वाटतंय?"

"राज्याभिषेक झाल्यावानी."

आम्ही खूप हसलो. पाण्यावर उन्हाचे कवडसे होते, पलीकडच्या काठावर म्हशी. तो पाण्याकडं बघत म्हणाला, "शिवांजली... दिवाळी झाली की मला त्रिशूरला जायाचं हाय. त्याच्याआदी आईला तुमच्याकडं पाठवू का?"

पहिल्यांदाच त्यानं 'मॅडम' म्हटलं नव्हतं.

मी गडबडीनं उठायला गेले, शेवाळावर पाय सरकला. त्यानं झटकन उठून माझा उजवा हात धरला आणि वर ओढलं.

काखेत काहीतरी फुटलं. डोळ्यांपुढं अंधारी आली. पिवळ्या कुर्त्याला बघता बघता ओल पसरली, आणि मागोमाग तो वास.

"काय झालं? लागलं का? खांदा—"

"हात सोडा!"

मी ओढणी छातीशी गच्च धरली आणि पायऱ्या चढत सुटले. मागून त्याच्या हाका येत होत्या. रिक्षा, स्टेशन, गाडीत शौचालयाशेजारी उभी राहून कोरेगाव. आत्याचं ते वाक्य गाडीच्या ठेक्यावर माझ्याबरोबर घरापर्यंत आलं.

*

त्याचे आठ फोन आले. मी उचलले नाहीत. मग मेसेज आला: 'मी हाडवैद्याला विचारून आलोय. खांदा ओढल्यावर शेकायचा नाही, बर्फ लावायचा. माझं चुकलं.'

माझं चुकलं! त्याचं?

मी तो मेसेज वर्गात वाचला, प्रयोगशाळेत वाचला, भाजी निवडताना वाचला. आजवर घरच्यांनी माझा आजार लपवला म्हणून कुणाचं काही बिघडलं नव्हतं. पण इथं एक माणूस माझ्या खोट्यापायी स्वतःला गुन्हेगार समजून हाडवैद्य गाठत होता.

मी एकच ओळ पाठवली. 'शनिवारी दवाखान्यात या.'

तो माझ्या आधी पोचला होता. मी त्याला गच्चीच्या जिन्यात नेलं, आणि धीर ओसरायच्या आत सगळं सांगून टाकलं. नऊ वर्षं, सहा वेळा कापलेलं, साखरपुडा, आत्या. नाव सांगितलं. संसर्गाचं नाही हे सांगितलं, आणि पुन्हापुन्हा येतं हेही. "खांदा आखडलेला नाही. कधीच नव्हता."

तो जिन्याच्या पायऱ्यांकडं बघत राहिला. खाली कंपाउंडर कुणाचा तरी नंबर पुकारत होता.

"तेल वाया गेलं म्हणायचं," तो शेवटी म्हणाला.

मला हसूही आलं आणि रडूही. रडूच जास्त. त्यानं रुमाल पुढं केला. डोळे पुसले तर पांढऱ्या रुमालावर नारिंगी डाग.

"ह्ये काय?" तो दचकलाच.

"गोळीचा रंग आहे. घाबरू नका."

"घाबरलो तर हायच. खोटं कशाला बोलू?" त्यानं रुमालाची घडी केली, उलगडली, पुन्हा केली. "सोनं भट्टीत घातल्याबिगर—"

"ते वाक्य नको. तावून सुलाखून वगैरे. घरचे मला तेच ऐकवतात."

"तसं न्हाई म्हणत मी. भट्टीत घातल्याबिगर सोन्यात काय मिसळलंय ते कळत न्हाई, असं म्हणत हुतो. गिऱ्हाईक लपवतंय, आमी वळखतो. बारा वर्षाचा धंदा माझा. आन् तू म्होरं उभी ऱ्हाऊन लपवलंस, मला कळालं न्हाई. त्याचं वाईट वाटलं. दुखण्याचं न्हाई."

'तू' म्हणाला होता. दोघांच्याही ते लक्षात आलं.

मग त्यानं विचारलं, "लय दुखतंय का गं?"

ज्यांना माहीत होतं त्यांनी मला खूप काही विचारलं होतं. लागण होते का, कधी जाणार, लग्नाचं काय. हे मात्र आई सोडली तर कुणीच विचारलं नव्हतं.

"हो," मी म्हटलं. "लय."

*

दिवाळीच्या सुट्टीत माझं ऑपरेशन झालं. काखेतल्या बोगद्यांचं वरचं छप्परच काढलं, आणि जखम आतून भरत येऊ दिली. वीरधवल त्रिशूरला गेला, पण दुकान भावावर सोपवायला. डॉक्टरांनी त्याला तासन्‌तास मांडी घालायची कायमची बंदी केली होती. साताऱ्यात सराफांच्या गल्लीत त्यानं जागा बघितली होती, भट्टी कमरेइतक्या ओट्यावर बसवायची, म्हणजे काम उभ्यानं. सातारा कोरेगावहून अर्ध्या तासावर आहे, हे मला त्यानं तीनदा सांगितलं.

इंजेक्शनाआधी क्षय नाही ना, हे तपासावं लागतं; ती तपासणी नीट निघाल्यावर मला ते सुरू झालं. पेनासारखं असतं, फ्रिजमध्ये दुधाच्या पिशवीशेजारी ठेवायचं, एक बुधवार सोडून एका बुधवारी मांडीत टोचून घ्यायचं. पहिल्या वेळी आईनं देव पाण्यात ठेवले. तिसऱ्या वेळी ती म्हणाली, "टोच आणि ये, भाकरी गार होतीय."

डिसेंबरात शालूबाई, म्हणजे वीरधवलची आई, आमच्याकडं आल्या. ठेंगण्या, करड्या केसांच्या, कमी बोलणाऱ्या. आण्णांनी सकाळीच मला बजावलं होतं, "ते बैठकीत काढायचं नाही." पण पोहे ठेवले, आणि मी तिथंच बसले.

"मला एक आजार आहे," मी म्हणाले. आईनं माझ्या पाठीला चिमटा काढला. मी बोलत राहिले. मुलांना सांगते तसं, पायरी-पायरीनं.

शालूबाईंनी बशी खाली ठेवली. "वीऱ्यानं सांगितलंय थोडंसं. मला एकच सांग. पोराबाळांस्नी हुतंय का?"

"एखाद्या घरात येतं, एखाद्यात येत नाही. खात्री कुणी देत नाही. मूल हवं असेल तेव्हा डॉक्टरांना आधी विचारून औषधं ठरवायची."

आण्णा खिडकीबाहेर बघत होते. वीरधवल खुर्चीच्या कडेवर आला होता.

"ह्याच्या बापाला दमा हुता," शालूबाई म्हणाल्या. "लग्नात कुणी सांगितला न्हाई. तिसऱ्या दिशी धाप लागली, मला वाटलं माणूस मरतोय. दारात उभी ऱ्हाऊन बोंब मारली मी. तवा सासू म्हणली, गप, नेहमीचंच हाय." त्या थांबल्या. "सव्वीस वर्सं केलं त्यांचं. दम्याचा कवा राग आला न्हाई मला. सगळ्यास्नी ठावं हुतं आन् मला एकटीला न्हाई... त्यो राग मात्र अजून हाय."

मग माझ्याकडं वळून म्हणाल्या, "मला सगळं पटलंय असं न्हाई हां, पोरी. काळजी वाटतीया. पर तू सोताच्या तोंडानं सांगितलंस. बास." आणि आईला, "पोहे झ्याक झाल्यात. आणखी घाला."

आण्णांनी खिडकीकडची मान वळवली. डोळे ओले होते की ऊन लागत होतं, कळलं नाही. "शिवा," ते म्हणाले, "पाहुण्यांना परसातली पपई दाखव जा."

पपई दाखवण्यासारखी काही नव्हती. तिच्या विरळ सावलीत आम्ही दोघं उभे राहिलो. घरातून बायकांच्या बोलण्याचा आवाज, भांड्यांचा खणखणाट.

"एक सांगायचंय," मी म्हणाले. "परवा एक नवं आलंय. लहानच आहे. डॉक्टरांना कळवलंय."

"कुठं?"

"सांगण्यासारख्या जागी नाही."

"मग ऱ्हाऊ दे. लग्न झाल्यावर सांग." आणि स्वतःच लाजून पपईच्या देठाशी खेळत बसला. कानाच्या पाळ्या लालभडक!

"वीरधवल..."

"हं?"

"असं येत-जात राहील. कधी महिने-महिने काहीच नसेल, कधी मी आठवडाभर चिडचिडी असेन. त्या दिवशी मला कुणी जवळ नको असतं."

"मग लांब बसीन. पर घरातच बसीन." तो माझ्या समोर आला. हात पुढं केला, आणि मधेच थांबला. "ह्यो हात धरला तर चालतंय न्हवं?"

"डावा धर," मी म्हणाले.

त्यानं डावा धरला. भट्टीनं राठ झालेला तळवा, आणि धरणं मात्र असं, की जणू माझ्या ओंजळीत पाणी आहे. मी बोटं त्याच्या बोटांत गुंतवली.

"हो म्हणायचं ऱ्हायलंय तुझं," तो म्हणाला.

"हो."

"खरं?"

"हो म्हटलं ना! किती वेळा म्हणू?"

"मग कवा? आई इचारंल आत गेल्या-गेल्या. वैशाखात धरू?"

"वैशाख नको बाई, घामानं हाल होतात माझे. माघात धरू. थंडीत."

"आन् वार?"

"कुठलाही. एकाआड एक बुधवार सोडून."

माझा हात न सोडता त्यानं दुसऱ्या हातानं खिशातून मोबाइल काढला, दातांनी ओठ चावत कॅलेंडर उघडलं, आणि तिथंच पपईखाली माघातले माझे बुधवार मोजायला लागला.